ठशाखालचा ठसा

नाशिकमध्ये पुराची उंची मीटरमध्ये सांगितली तर ती कोणाच्या डोळ्यांपुढे उभी राहत नाही. गंगापूर धरणातून किती क्युसेक पाणी सोडले, हे पावसाळ्यात वर्तमानपत्रांत रोज छापून येते आणि लोक ते वाचतातही. पण घराघरांत विचारला जाणारा प्रश्न वेगळाच असतो. ‘मारुतीच्या कुठवर आलंय?’ गोदाघाटावरचा दुतोंड्या मारुती हे आमचे पहिले माप. गुडघे, कंबर, छाती, गळा अशी पाण्याची चढण त्याच्या अंगावर मोजायची; तो दिसेनासा झाला की नजर नारोशंकराच्या देवळातल्या घंटेकडे जाते, आणि पाणी घाट सोडून भांडी बाजार आणि सराफ बाजाराच्या गल्ल्यांत शिरले की मग विचारले जाते ते सरकारवाड्याचे. वाड्याच्या कितव्या पायरीला लागले? या प्रश्नाला जे उत्तर येई, त्यावर आमच्या घरातली धान्याची पोती माडीवर चढवायची की खालीच राहू द्यायची, हे ठरत असे.

पिढ्यान्‌पिढ्या मोजपट्टीसारखा वापरला गेलेला हा पेशवेकालीन वाडा आता राज्याच्या पुरातत्त्व विभागाच्या ताब्यात आहे. तो संरक्षित स्मारक आहे, विभागाचे नाशिकचे कार्यालय तिथे आहे आणि वस्तुसंग्रहालयही. मी तिथे पहिल्यांदा गेले ते वयाच्या पन्नाशीत, हे सांगायला थोडा संकोच वाटतो, कारण माझे बालपण त्या वाड्यापासून हाकेच्या अंतरावर, दहीपुलाजवळच्या एका बोळात गेले आहे. घराजवळची वास्तू पाहायची राहून जाते. आणि आमच्या लहानपणी सरकारवाडा ही पाहायला जाण्याची जागा नव्हती, तिथे काम असेल तरच जायचे. आजही ‘सरकारवाडा’ म्हटले की तरुण नाशिककराला आधी पोलीस ठाणे आठवते. ते ठाणे आता वाड्यात नाही, पण जाताना नाव मात्र बरोबर घेऊन गेले आहे.

या नावाची मला नेहमीच गंमत वाटत आली आहे. पेशव्यांचे सरकार १८१८ मध्ये गेले, कंपनी सरकार आले, मग राणीचे सरकार आले आणि मग आपले. वाड्याचे नाव बदलण्याची वेळ मात्र कोणावरच आली नाही. ‘सरकार’ या शब्दात कोणीही राहायला येऊ शकते. शनिवारवाडा म्हटले की पेशवेच डोळ्यांपुढे येतात. सरकारवाडा म्हटले की जो कोणी सध्या आहे तो येतो, आणि त्याच्या मागे आधीचे रांगेने उभे असतात.

माझ्याबरोबर आत्या होती. आत्याचे वय आता पंचाहत्तरीच्या पुढे आहे आणि गुडघे तिचे ऐकत नाहीत, त्यामुळे सराफ बाजारातल्या गर्दीतून तिला वाट काढून देत वाड्यासमोर आणले तेव्हा त्या उंच दगडी पायऱ्या पाहून मीच मनातून माघार घेतली होती. तिने मात्र पदर खोचला, डाव्या बाजूचा कठडा धरला आणि एकेक पायरी चढताना थांबत, खाली वाकून पाहत राहिली. मला वाटले, दम लागला. तिसऱ्या-चौथ्या वेळी ती थांबली तेव्हा मी तिचा हात धरायला गेले, तर म्हणाली, “अगं, दमले नाही मी. एकोणसत्तर साली गंगा कुठवर आली होती ते आठवतेय.”

नाशिकबाहेरच्या वाचकांसाठी एवढे सांगायला हवे, की आम्ही गोदावरीला गोदावरी म्हणतो ते लिहिताना. बोलताना ती गंगा. ‘गंगेवर जाऊन येते’ म्हणजे घाटावर जाऊन येते. १९६९ च्या सप्टेंबरातला तो पूर जुन्या नाशिककरांच्या बोलण्यात अजून जिवंत आहे. २००८, २०१६ आणि २०१९ या वर्षांचे पूर आले तेव्हाही म्हातारी माणसे त्या एका पुराशीच तुलना करत होती. आमच्या भागात तर पाणी दोन बाजूंनी येते. समोरून नदी चढते आणि पायाखालून सरस्वती तुंबते. सरस्वती नदी म्हणून जिचा उल्लेख होतो ती आता बाजारपेठेच्या खालून वाहणारा नाला आहे. जोराचा पाऊस झाला की ती दहीपुलापाशी वर येऊन आपण अजून आहोत हे दाखवून देते.

आत गेल्यावर मी, सवयीने, काचेच्या कपाटांकडे वळले. शस्त्रे, मूर्ती, त्यांच्या खालच्या चिठ्ठ्या. आत्याने मला मागे ओढले. “आधी खांब बघ. कपाटातल्या वस्तू कुठे पळून जात नाहीत.”

तिचे म्हणणे रास्त होते, आणि संग्रहालयांविषयीची माझी जुनी तक्रार तिने एका वाक्यात सांगून टाकली होती. जुन्या वाड्यात वा राजवाड्यात संग्रहालय थाटले की आपल्याकडे बहुतेक ठिकाणी वाडा हा त्या संग्रहालयाचा डबा होऊन जातो. कपाटातल्या प्रत्येक कट्यारीला चिठ्ठी असते. ज्या तक्तपोशीखाली, म्हणजे लाकडी छताखाली, ते कपाट उभे आहे तिला नसते. कट्यार कुठून तरी आणून इथे ठेवलेली असते, तिला इथे राहण्याचे विशेष कारण नसते. तक्तपोशी मात्र दुसरीकडे असूच शकत नाही. पाहायला आलेली शाळेची मुले खांबाला टेकून तलवारी पाहतात, आणि आपण कशाला टेकलो होतो हे त्यांना कोणी सांगत नाही.

खांब कसा पाहायचा हे आत्याने मला शिकवले आहे. वाड्यातला लाकडी खांब जमिनीत पुरलेला नसतो, तो तळखड्यावर उभा असतो. तळखडा म्हणजे खांबाखालचा घडीव दगड. लाकडाला जमिनीची ओल लागू नये आणि वाळवी चढू नये म्हणून तो मध्ये घातलेला. खांबाच्या बुडाशी खुंटीसारखा निमुळता भाग असतो आणि तो तळखड्यातल्या खाचेत बसतो. वर खांबाच्या डोक्यावर हस्त, हस्तांवर तुळई, तुळयांवर कड्या आणि त्यांवर पाट. सगळा भार एकावर एक नुसता ठेवलेला, एकमेकांत अडकवलेला. दोन खांबांमधली महिरप डोळ्यांत भरते, पण भार ती जवळजवळ पेलत नाही, ती शोभेची. हे कळले की वाड्याकडे पाहण्याची नजर बदलते, कारण मग शोभा कुठे संपते आणि काम कुठे सुरू होते ते दिसू लागते.

तळखड्याशी माझे एक खासगी नातेही आहे. आमचा वाडा पडला नाही, पाडला गेला. वाटण्या, भाडेकरू, पालिकेची ‘धोकादायक’ म्हणून आलेली नोटीस आणि मग बांधकाम करणाऱ्याशी करार, हा क्रम जुन्या नाशकातल्या इतक्या घरांनी पाहिला आहे, की त्यात सांगण्यासारखे काही उरलेले नाही. लाकूड एका व्यापाऱ्याने उक्ते घेतले. ओसरीचे सहा खांब दोर लावून उतरवले जात असताना आत्या आणि मी समोरच्या दुकानाच्या फळीवर बसून होतो. तिसरा खांब उचलला तेव्हा तळखड्याची खाच उघडी पडली, आणि तिच्यात बोटभर जाडीचा मातीचा थर होता. करडी, मऊ, पिठासारखी चाळलेली माती. आमच्या वाड्याच्या भिंतींची माती पांढरी. ही ती नव्हती. आत्या उठून गेली, दोन बोटांनी ती माती उचलली, अंगठ्याने चोळली आणि म्हणाली, “ही गंगेची.” पूर ओसरल्यावर घर धुऊन काढले होते, ओसरी सारवली होती, खांबांना एकदा नव्हे तीनदा तेलरंग दिला होता, पण खांबाखाली हात घालून पुसायचे कोणाला सुचले असते? तो गाळ चाळीसहून अधिक वर्षे सहा खांबांचा आणि एका माडीचा भार डोक्यावर घेऊन तिथे बसून होता. खांब कुठल्याशा हॉटेलात गेले असे ऐकले. तो एक तळखडा मी मागून घेतला. माझ्या फ्लॅटच्या गॅलरीत त्यावर तुळशीची कुंडी आहे.

पुसल्यावरही उरणाऱ्या खुणांचा विचार करू लागले की मला नेहमी एक नाणे आठवते. १९०६ मध्ये, गोदावरी आणि दारणेच्या संगमाजवळच्या जोगलटेंभी गावी चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. नाणी होती सुमारे १३,२५०, आणि सगळी नहपान या क्षहरात घराण्यातल्या क्षत्रपाची, म्हणजे शक राज्यकर्त्याची. त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. चांदी वितळवायची नाही, नवे नाणे पाडायचे नाही. शत्रूच्या नाण्यावरच आपली मुद्रा उमटवायची. त्या प्रकारचे एक नाणे मी एका नाणेसंग्राहकाच्या तळहातावर पाहिले आहे. नखाएवढे, दोन ग्रॅमच्या आसपास वजनाचे. एका बाजूला कमानींची रचलेली टेकडी आणि तिच्याखाली नागमोडी रेघ. अभ्यासक तिला नदी म्हणतात. पण उजेडात जरा तिरके धरले की टेकडीच्या मागून नहपानाचे नाक आणि हनुवटी वर येते, आणि कडेला मोडक्यातोडक्या ग्रीक अक्षरांची दोन-चार टोके दिसतात. सातकर्णीची टेकडी नहपानाच्या गालावर उभी आहे.

नाशिकजवळच्या पांडवलेण्यांतल्या तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री हिचा प्रसिद्ध लेख आहे. त्यात ती आपल्या मुलाला ‘खखरातवसनिरवसेसकर’ म्हणते. म्हणजे क्षहरातांचा वंश निःशेष करणारा. निरवशेष हा शब्द मोठा आहे. आणि तरी, त्याच डोंगराच्या त्याच रांगेत, काही पावलांवर, दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचे लेख सुखरूप आहेत. कोणी छिन्नी घेऊन ते खरवडले नाहीत. गौतमीपुत्राच्या स्वतःच्या आज्ञेतही, लेण्यातल्या भिक्षूंना २०० निवर्तने (जमिनीचे जुने माप) जमीन देताना, हे शेत आजवर उषवदाताकडे होते असे सरळ नोंदवले आहे. ज्याचा वंश निःशेष केला त्याच्या जावयाचे नाव खरेदीखतातल्या मागच्या मालकासारखे लेखात राहिले. ही आज्ञा ज्या गोवर्धनच्या अमात्याला उद्देशून आहे, ते गोवर्धन गाव आजही गंगापूर रस्त्याने पुढे गेले की लागते.

उषवदाताच्या लेखातला एक हिशेब तर सराफ बाजारातल्या वाड्यात लावून ठेवावा असाच आहे. त्याने ३,००० कार्षापणांचे, म्हणजे तेव्हाच्या नाण्यांचे, कायमचे दान दिले आणि ती रक्कम गोवर्धनातल्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यवसाय-संघांकडे, ठेवली: एका श्रेणीकडे २,०००, दरमहा शेकडा एक व्याजाने, दुसरीकडे १,०००, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. पहिल्या रकमेच्या व्याजातून वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्यातल्या मुक्कामाला, राहणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण वस्त्रांसाठी मिळायचे. २,००० वर महिन्याला २०, वर्षाला २४०. आणि वीस बारे दोनशे चाळीस. हिशेब पै न पै जुळतो. मी हा हिशेब आत्याला तिथेच, एका बाकावर बसून समजावून सांगितला, तेव्हा ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग तिने विचारले, “दोन्हीकडे व्याज वेगळं का?” मला उत्तर आले नाही. खाली रस्त्यावर दागिने गहाण ठेवायला आलेल्या कोणालाही हाच प्रश्न पडला असता.

नाशिकच्या इतिहासाचे संग्रहालय मी मांडले असते तर सुरुवात या विणकरांपासून केली असती. त्याहीआधी मातीची गढी, म्हणजे जुन्या वस्तीचे टेकाड. १९५०-५१ मध्ये डेक्कन कॉलेजच्या सांकलिया आणि देव यांनी तिथे उत्खनन केले आणि या गावाची वस्ती सातवाहनांच्या कितीतरी आधी जाते हे दाखवून दिले. मग मोगलांचे गुलशनाबाद. पेशवाईत गावाचे जुने नाव परत आले, असे आपण अभिमानाने सांगतो आणि ते खरेही आहे. पण मराठ्यांच्या इथल्या टांकसाळीतून पडलेल्या रुपयावर नाव गुलशनाबादच राहिले आणि बादशहा म्हणून शाह आलमच राहिला, शेजारी जरीपटक्याची खूण तेवढी आपली. व्यापाऱ्याला हातात ओळखीचे नाणे हवे असते. कोणाचे राज्य आहे हे तो त्यानंतर पाहतो.

आणि बायका. हे आत्याचे भर घालणे आहे. तलवारींच्या कपाटापुढे उभी राहून ती म्हणाली, “इथे सगळं पुरुषांचंच दिसतंय. गोपिकाबाईंचं काही नाही का?” माधवराव आणि नारायणराव यांची आई गोपिकाबाई शेवटची वर्षे गंगापूरला राहिली, आणि जिच्यावर नारायणरावाच्या खुनाचा ठपका इतिहासाने ठेवला ती आनंदीबाई आनंदवल्लीला. गंगापूर आणि आनंदवल्ली ही दोन्ही गावे याच नदीच्या काठावर, एकमेकींपासून फार दूर नाहीत, आणि आता दोन्हींच्या मधून इमारतींची सलग रांग गेली आहे. पुण्यात घडलेल्या त्या गोष्टीचा शेवट आमच्या गावाला झाला. दोघींनी एकाच नदीच्या पाण्यात हात धुतले. आनंदवल्लीच्या बसथांब्यावर उभ्या राहणाऱ्या किती जणांना ते नाव कोणाचे आहे हे माहीत असेल, असे मी म्हणणार होते. पण मलाही ते पंचविशीपर्यंत माहीत नव्हते.

माझ्या कल्पनेतल्या त्या दालनात तांबटाची हातोडी असती. तांब्या-पितळेच्या भांड्यांवर पडणारे तिचे ठोके मी लहानपणी शाळेच्या घंटेआधी ऐकत असे. भांड्याला ठोके घालतात ते शोभेसाठी असे लोकांना वाटते, पण ठोक्यांनी पत्रा घट्ट होतो आणि भांडे पोचे न येता टिकते. पुराच्या खुणांची उभी पट्टी असती, वर्षे लिहिलेली. आणि तीर्थोपाध्यायांची एक वही असती. आमच्या गावाचे खरे दफ्तर त्या वह्यांत आहे. घाटावर कोणी यजमान आला की उपाध्ये त्याचे गाव आणि आडनाव विचारतात, आपल्या घरातली नामावळीची वही उघडतात, आणि त्या माणसाच्या पुढ्यात त्याच्या पणजोबाची सही ठेवतात. लेख लिहून देण्याची ती रीत आहे: मी अमुक, अमक्याचा मुलगा, अमक्या गावाहून अमक्या कार्यासाठी आलो, बरोबर अमुक होते. सरदारांनी लिहिले, शेतकऱ्यांनी अंगठे उठवले, कुणाची मोडी, कुणाची बाळबोध. राजवाड्यांच्या दफ्तरांत ज्यांची नावे कधी आली नसती, ती माणसे तिथे राजांच्याच शाईत आहेत. बायकांची नावे तिथेही पुरुषांच्या आधाराने येतात, हे आत्याने मला आठवण करून देण्याआधीच लिहून टाकते.

आम्ही दोन तास तिथे होतो. बाहेर पाऊस सुरू झाला होता आणि चौकात पागोळ्या पडत होत्या. जुन्या वाड्यांचे जतन हे अतिशय संथ काम असते. निधी येतो, थांबतो, पुन्हा येतो, लाकूड मिळते तर ते घडवणारा सुतार मिळत नाही. या वाड्याचेही काम वर्षानुवर्षे टप्प्याटप्प्याने चालत आले आहे, आणि आम्ही जवळ राहणारे लोक त्या काळात पालिकेला, सरकारला आणि एकमेकांना नावे ठेवत समोरून जात आलो आहोत. तरीही तो उभा आहे. आमचा नाही. या दोन वाक्यांत मला कुठला न्याय-निवाडा करायचा नाही. आमच्या घरातल्या आठ वाटेकऱ्यांपैकी कोणीच त्या वाड्यात राहायला तयार नव्हते, मीसुद्धा नाही, कारण तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये पुराचे पाणी येत नाही.

निघताना दाराशी टेबलावर भेट देणाऱ्यांची वही होती. नाव, गाव, पत्ता, फोन, अभिप्राय असे रकाने आखलेले. मी माझे नाव लिहिले आणि पेन आत्याकडे दिले. तिने चष्मा पुसला, खुर्ची ओढून घेतली आणि सावकाश लिहू लागली. आधी स्वतःचे नाव, माहेरचे. मग पत्त्याच्या रकान्यात आमच्या वाड्याचे नाव, बोळ, दहीपुलाजवळ, नाशिक. रकाना अपुरा पडला तेव्हा ती अभिप्रायाच्या रकान्यात शिरली आणि तिथे तिने पुढे लिहिले: ‘भाचीबरोबर आले. १९६९ साली पाणी पाचव्या पायरीला होते.’

टेबलामागच्या मुलाने वही फिरवून घेतली, वाचली, आणि बोट फोनच्या रिकाम्या रकान्यावर ठेवले.

“आजी, नंबर राहिला.”

“वाड्यात फोन नव्हता रे,” आत्या म्हणाली, आणि छत्री उघडायला लागली.